सीएचबीचं बिल आणि त्याच्यामागे फिरताना कळलेलं बरंच काही

सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, सरकारी कागदावर तासिका तत्त्व, आणि नातेवाइकांच्या भाषेत "अजून पर्मनंट नाही झालीस का गं". मी भूगोलाची. सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) झालंय, पीएचडी झालीय, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित सीनियर कॉलेजात तासावर शिकवते. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढच्या वर्षीची जाहिरात तेच काढणार आहेत आणि मला पुन्हा अर्ज करायचाय.

दर वाढला की पेपरात बातमी येते, मग ओळखीचे लोक फोन करून अभिनंदन करतात. 2018 मध्ये पदवीच्या तासाला 500 झाले, 2021 मध्ये 625, मग 900. खोटं नाही, वाढ झालीय. पण बातमी वाचणाऱ्याला वाटतं की तासाला 900 म्हणजे दिवसाचे चार तास धरले तरी महिन्याला किती होतील. तसं नसतं ना. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तासिका, त्याच्यावर एकही नाही. म्हणजे अख्खा महिना एकही सुट्टी, बंद, मोर्चा, परीक्षा नसलेला सापडला (मला अजून सापडला नाही) तर 32,400.

आता गंमत बघा. रेग्युलर सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे 57,700, आणि त्याचा शिकवण्याचा भार आठवड्याला 16 तास. 57,700 ला नऊने गुणा आणि सोळाने भागा, येतात साधारण 32,450. म्हणजे कागदावर आमचा दर अगदी बरोबर बसतो, समान काम समान वेतन! फरक एवढाच की त्यांच्या 57,700 वर महागाई भत्ता मूळ पगाराच्या निम्म्याच्या वर आहे, घरभाडं आहे, दिवाळीची सुट्टी पगारी, उन्हाळ्याची पगारी, आजारपणाची रजा पगारी. आमचं रविवार सोडा, गणपतीच्या सुट्टीतही मीटर बंद. माझं नोव्हेंबरचं बिल एकदा इतकं बारीक होतं की क्लार्कने विचारलं, मॅडम हे पुढच्या महिन्यात एकत्रच टाकू का. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2019 मध्ये गेस्ट फॅकल्टीसाठी तासाला 1500 आणि महिन्याला कमाल 50,000 असं पत्र काढलं होतं, ते आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवीन असल्यासारखं फॉरवर्ड करतं.

पण मला खरं सांगायचंय ते दराबद्दल नाही, मोजणीबद्दल. तास मोजतो कोण, कुठून कुठपर्यंत मोजतो आणि मोजलेला कागद कुणाच्या टेबलावर पडून राहतो, यात आमचे जेवढे पैसे जातात तेवढे दरात जात नाहीत. हे मला एका वर्षी बिल अडकल्यावर त्याच्यामागे लागले तेव्हा नीट कळलं.

त्याच्या आधी भरतीचं सांगते थोडक्यात. दर वर्षी नवीन जाहिरात, नवीन अर्ज, तीच फाईल घेऊन तीच मुलाखत. मुलाखतीला विषयतज्ज्ञ असतात, ते मला "जीआयएस म्हणजे काय" विचारतात, मी सांगते. निवड झाली की स्टॅम्प पेपरवर हमीपत्र द्यायचं, की मी दुसरीकडे कुठे काम करत नाही आणि भविष्यात कायम नोकरीचा दावा करणार नाही. मग कॉलेजने विद्यापीठाला मान्यतेसाठी प्रस्ताव पाठवायचा, मान्यता आली की ती बिलाला जोडायची. सांगायला सोपं आहे. प्रॉब्लेम असा की कॉलेज जूनच्या शेवटी, जुलैला सुरू होतं आणि कार्यभार तपासणी, ना-हरकत, जाहिरात हे सगळं होऊन नियुक्तीपत्र हातात पडायला ऑगस्टचा शेवट नाहीतर सप्टेंबर उजाडतो. मधल्या काळात वर्ग रिकामे कसे ठेवणार? मग प्राचार्यांचा फोन येतो, "मॅडम, तुम्ही सुरू करा, ऑर्डर काय निघेलच". तुम्ही सुरू करता. नाही म्हणायची सोय नसते, कारण मुलाखत अजून व्हायचीय.

मी त्या वर्षी असंच जुलैपासून शिकवायला लागले. एफवायचा प्राकृतिक भूगोल, एसवायचं एक, आणि टीवायचं प्रॅक्टिकल. आमच्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे टोपोशीट वाचायची, समोच्च रेषांवरून छेद काढायचा, प्रिझमॅटिक कंपास घेऊन ग्राउंडवर सर्व्हे करायचा. पोरं-पोरी उन्हात उभी राहून बेअरिंग घेतात, कुणाच्या खिशात मोबाईल किंवा हातात लोखंडी कडं असलं की सुई भलतीकडे जाते, मग परत पहिल्यापासून. एका बॅचला यात दुपार जाते. आणि वर्गात पोरं जास्त असली की बॅचेस दोन, म्हणजे तेच काम दोनदा. प्रॅक्टिकलचा दर मात्र थिअरीपेक्षा कितीतरी कमी, त्यामागचा तर्क मला कुणीच समजावून सांगितलेला नाही. बहुतेक असं वाटत असावं की प्रॅक्टिकलला मास्तर खुर्चीत बसून असतो.

शिवाय त्याच वर्षी नॅक होतं, म्हणजे कॉलेजला श्रेणी देणारी तपासणी. ज्यांनी नॅक अनुभवलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. सात क्रायटेरिया, प्रत्येकाच्या फायली, पाच वर्षांचे फोटो जिओटॅग करून हवेत, नसलेल्या कार्यक्रमांचे अहवाल. हे काम कुणी केलं? आम्ही सीएचबीवाल्यांनी, रात्री सातपर्यंत थांबून. त्याचा तास नसतो. अ‍ॅडमिशनच्या काऊंटरचा तास नसतो, अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासण्याचा नसतो, वृक्षारोपणाला फोटोत उभं राहण्याचा नसतो.

तर बिलं दिली. आमच्याकडे बिलाचा एक तक्ता असतो, तारीख, वार, वेळ, वर्ग, घटक, विद्यार्थी हजेरी, सही. महिनाअखेरीला विभागप्रमुखांची सही, मग प्राचार्यांची, मग ऑफिसात. तिथून सगळ्यांचं एकत्र बिल उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात जातं, तिथे तपासणी, मग अनुदान आलेलं असलं तर बीडीएस (निधी सोडल्याची पावती) निघते, कोषागारात जातं, आणि शेवटी कॉलेजच्या खात्यातून आपल्या खात्यात. दिवाळी गेली, काही नाही. नवीन वर्ष उजाडलं, काही नाही. ऑफिसात विचारलं की ठरलेलं उत्तर, "वर पाठवलंय मॅडम, वरून ग्रँट नाही". हे 'वर' म्हणजे नेमकं कुठे ते कुणी सांगत नव्हतं. वर म्हणजे सहसंचालक ऑफिस, का पुण्याचं संचालनालय, का मंत्रालय. आमच्यातले एक सर म्हणायचे वर म्हणजे पांडुरंग.

दुसरीकडे त्याच गावातल्या दुसऱ्या संस्थेच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे पैसे डिसेंबरात आले. सहसंचालक ऑफिस तेच. मग ग्रँट नाही हे कसं? इथून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

मी स्वतः सहसंचालक ऑफिसात गेले. एसटीने जायला दोन तास, तिथे साहेब मीटिंगला. क्लार्क भला माणूस होता पण म्हणाला, "मॅडम, तुम्ही वैयक्तिक येऊन उपयोग नाही, आम्हाला कॉलेजशी बोलायचंय, तुमच्याशी नाही". बरोबरच आहे म्हणा त्याचं. आमचं नातं कागदावर कॉलेजशी, पैसा सरकारचा, मान्यता विद्यापीठाची, आणि भांडायला गेलं की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवणार.

लेबर कोर्टात जा असा सल्ला मला किमान तीन जणांनी दिला, त्यातला एक तर पोलिसात आहे. म्हणून ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, ताई, शिक्षक हा औद्योगिक कायद्याखाली कामगार नाहीच, सुप्रीम कोर्टाने 1988 मध्येच सांगितलंय, आणि ती केस गोव्यातल्या एका शिक्षिकेचीच होती. म्हणजे कंपनीतल्या वॉचमनला जो दरवाजा उघडा आहे तो आपल्याला बंद. आपल्यासाठी विद्यापीठ कायद्यात न्यायाधिकरण आहे, पण तिथे मुख्यतः काढून टाकलं, पदावनत केलं अशी अपिलं चालतात, बिल का अडलं हे विचारायला नाही. राहिलं हायकोर्ट, रिट. वकिलांनीच फी सांगायच्या आधी सांगितलं, आधी कागद जमव, तुझ्याकडे बिल दिल्याची पोच तरी आहे का?

पोच नव्हती. कुणाकडेच नसते, आपण आपल्याच ऑफिसात कागद देताना पोच मागितली तर "विश्वास नाही का" होतं.

मग माहिती अधिकार. हे जरा डिटेलमध्ये लिहिते कारण बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. कॉलेजला अर्ज करता येतो, अनुदानित आहे म्हटल्यावर तेही कायद्याखाली येतं, पण तिथे माझं नाव दिसलं की संपलं. म्हणून सहसंचालक कार्यालयाकडे अर्ज केला, आणि तोही नवऱ्याच्या नावाने. कोणताही नागरिक मागू शकतो, आणि का मागताय हे त्यांनी विचारायचं नसतं, कलम 6(2) मध्ये स्पष्ट आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, महाराष्ट्रात हा नियम आहे. नवऱ्याने पहिला ड्राफ्ट लिहिला तो म्हणजे अग्रलेख होता, "शिक्षकांवर अन्याय का होत आहे" वगैरे. फाडला. 'का' विचारायचंच नाही, 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नसतात. कागद मागायचा. आणि माझं वैयक्तिक बिलही मागायचं नाही, नाहीतर त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती म्हणून नाकारतील. आम्ही एवढंच मागितलं: अमुक कॉलेजकडून या शैक्षणिक वर्षात तासिका तत्त्वावरील अध्यापकांची जी एकत्रित देयके आली त्यांचा आवक क्रमांक आणि तारीख, त्यावर केलेल्या कार्यवाहीच्या पत्रांच्या प्रती, आणि त्या काळात तासिका तत्त्वासाठी वितरित झालेल्या अनुदानाच्या आदेशाची प्रत.

तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. आलं नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील टाकलं आणि सुनावणीची तारीख यायच्या आधीच पाकीट घरी आलं, पानाला दोन रुपये भरून.

त्यात काय होतं? ग्रँट ऑक्टोबरमध्येच आली होती. आमच्या कॉलेजचं बिलही आलं होतं. आणि ते 'त्रुटीसह परत' गेलं होतं, कॉलेजच्या नावाने पत्रासकट, आणि त्या पत्रावर आमच्याच कॉलेजच्या माणसाची घेतल्याची सही होती. त्रुटी दोन. एक, विद्यापीठाची मान्यता जोडलेली नाही. दोन, काही अध्यापकांच्या तासिका नियुक्तीच्या तारखेआधीच्या आहेत. म्हणजे आम्ही चार-पाच महिने 'वर' बघत बसलो होतो आणि पत्र आमच्या स्टाफरूमपासून वीस पावलांवरच्या कपाटात होतं. मान्यता का नव्हती तेही नंतर कळलं, निवड समितीच्या इतिवृत्तावर एका विषयतज्ज्ञांची सही राहिली होती म्हणून प्रस्तावच गेला नव्हता. एक सही! तज्ज्ञ राहतात शेजारच्या तालुक्यात, कुणीतरी मोटारसायकलवर जाऊन आणायची होती.

मी झेरॉक्स घेऊन एकटी गेले नाही. सगळ्या सीएचबीवाल्यांना दाखवलं, म्हटलं सगळे मिळून प्राचार्यांकडे जाऊ, एक अर्ज, खाली सगळ्यांच्या सह्या. निम्म्याहून जास्त जणांनी सही केली. बाकीच्यांना मी नावं ठेवत नाही. एक सर मला जिन्यात थांबवून म्हणाले, "मॅडम, माझं वय बेचाळीस आहे, दोन पोरं आहेत, राज्यातल्या 2088 प्राध्यापकांच्या जागांच्या भरतीत आपल्या संस्थेत एक जागा निघाली तर निघेल, मी नाही सही करत, पण तुमचे पैसे आले की माझे पण येतील ना?" येतील म्हटलं. त्या 2088 जागांवर किती लोकांनी किती वर्षं काढली याचा हिशोब कुणी ठेवला असेल तर मला वाचायला आवडेल.

प्राचार्यांनी पत्र बघितलं, चष्मा काढला, परत लावला. "हे मला कुणी दाखवलंच नाही". असेलही. क्लार्कला बोलावलं. क्लार्क म्हणाला साहेब नॅक चालू होतं. आता यावर काय बोलणार, नॅक तर आम्हीच करत होतो! पण त्यानंतर कामं सटासट झाली, सही आली, प्रस्ताव गेला, मान्यता आली, बिल परत वर गेलं आणि मार्चअखेरच्या धामधुमीत पैसे जमा झाले.

जमा झालेला आकडा बघून मी आधी खुश झाले आणि मग तक्ता काढून बसले. जुलै-ऑगस्टचे सगळे तास गायब. कारण: नियुक्तीपूर्व कालावधी, देय नाही. आणि प्रॅक्टिकलमध्ये दोन बॅचचं एक करून टाकलेलं, कारण मंजूर कार्यभारात बॅच एकच धरलेली होती. कापलेली रक्कम माझ्या एका महिन्याच्या बिलापेक्षा जास्त भरत होती. याबद्दल कुणी काही कळवलं नव्हतं, तसा नियमच नसावा. पगाराची स्लिप नसते आम्हाला, नुसती बँकेची एन्ट्री. गाडीच्या कर्जासाठी बँकेत गेले होते तेव्हा मॅनेजर म्हणाला सॅलरी स्लिप आणा, मी म्हटलं नाहीये, तो म्हणाला मग तुम्ही नक्की काय करता?

बॅचसाठी पत्र दिलं, यावेळी पोच घेऊन. सोबत हजेरीपटाची झेरॉक्स, दोन्ही बॅचच्या जर्नलवरच्या सह्या, वेळापत्रकाचा कॉलेजच्याच ग्रुपवर टाकलेला फोटो. त्या फोटोने काम केलं असं मला वाटतं, कारण त्यात प्राचार्यांच्या सहीखाली "बॅच अ" आणि "बॅच ब" स्वच्छ लिहिलेलं होतं. फरकाचं बिल कॉलेजने मान्य करून पाठवलंय, अजून आलेलं नाही. मी आता आवक क्रमांक विचारते, "वर पाठवलंय" ऐकून घेत नाही.

जुलै-ऑगस्टचं मात्र अवघड आहे. वकील म्हणाले कोर्टात जायचं तर मुद्दा आहे, काम करून घेतलं आणि पैसे दिले नाहीत. 2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजातल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना, जे महिन्याला 30,000 वर राबत होते, त्यांना वेतनश्रेणीचं किमान वेतन द्या असा निकाल दिला, 8 टक्के व्याजासह थकबाकी. नुसतं समारंभात गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णु म्हणून भागत नाही असंही कोर्टाने ऐकवलं. ग्रुपवर त्या दिवशी नुसता गुलाल. पण ते लोक पूर्णवेळ कंत्राटावर होते, रेग्युलर लोकांएवढंच काम करत होते. आम्हाला नऊ तासांच्या आत ठेवलंय ते उगाच नाही, हे माझं मत. उद्या कुणी समान काम म्हणून उभा राहिला तर पहिलं वाक्य हेच येणार, की यांचं काम समान कुठे आहे, हे तर निम्म्याचे.

आणि याच्याही वर एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात जास्त लागते. यूजीसीच्या 2018 च्या रेग्युलेशनमध्ये आधीची तात्पुरती सेवा पुढे प्रमोशनसाठी धरायची तर काय अटी आहेत ते दिलंय. पात्रता तीच हवी, निवड रीतसर समितीतून हवी, ठीक आहे, दोन्ही आहेत माझ्याकडे. आणि एक अट अशी, की त्या काळात मिळणारं एकूण वेतन रेग्युलर सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावं. परत वाचा. पगार कमी दिला ही त्यांची करणी, आणि पगार कमी होता म्हणून अनुभव धरणार नाही ही पण त्यांचीच अट. उद्या मी चुकून पर्मनंट झालेच तर इतक्या वर्षांचं शिकवणं पाण्यात, पंचविशीच्या पोराबरोबर पहिल्या पायरीवर उभी.

तरी अनुभवाचं प्रमाणपत्र मी दर वर्षी घेते आणि आता मजकूर स्वतः टाईप करून नेते. कधीपासून कधीपर्यंत, कोणता विषय, कोणते वर्ग, एकूण तासिका किती, विद्यापीठाच्या मान्यतेचा क्रमांक आणि तारीख. आधी नुसतं "समाधानकारक काम केले" असं यायचं, त्याचा मुलाखतीत शून्य उपयोग. क्लार्कने यावेळी मजकूर बघितला आणि म्हणाला, मॅडम, यात नियुक्ती दिनांक सप्टेंबर आहे, तुम्ही जुलै का लिहिलाय? मी म्हटलं, मस्टर काढा. त्याने मस्टर काढलं, जुलैतल्या माझ्या सह्या बघितल्या, आणि म्हणाला हे साहेबांना विचारावं लागेल.

साहेब मीटिंगला गेलेत. मस्टरच्या त्या पानांचे फोटो मात्र मी तिथेच उभ्या उभ्या काढून घेतले.